कर्नलची आचारसंहिता

लिनक्स कर्नल १९९१ साली सुरू झाले आणि पुढची जवळपास चोवीस वर्षे त्यावर काम करणाऱ्यांसाठी वागणुकीचा एकही लेखी नियम नव्हता. कर्नल म्हणजे इथे लष्करातला हुद्दा नव्हे. संगणकाचे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसलेला, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स याने तो हौसेखातर लिहायला घेतला, कोड सर्वांसाठी खुला केला आणि ज्याला सुधारणा सुचेल त्याने ती पाठवावी, असा रिवाज पडला. ही सुधारणा, म्हणजे पॅच, ईमेलने येते. ती सर्वांना दिसणाऱ्या मेलिंग लिस्टवर पडते, तिथे तिची चिरफाड होते, त्या त्या विभागाचा मेंटेनर ती स्वीकारतो किंवा परत पाठवतो, आणि स्वीकारलेले सारे शेवटी टोरवाल्ड्सकडे जाते. आज एका आवृत्तीत दीड हजारांहून जास्त जणांचे पॅच असतात.

यातले बहुतेक जण इंटेल, रेड हॅट, आयबीएम अशा कंपन्यांचे पगारी नोकर आहेत. त्यांच्या कंपनीत मनुष्यबळ विभाग असतो, तक्रारीची रीत असते. मेलिंग लिस्ट मात्र कोणाचेच कार्यालय नाही. पोर्टलंडमध्ये बसलेल्या किंवा रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातल्या अभियंत्याला तिथे कोणी चारचौघांत झापले, तर दाद मागायची कुठे, याला उत्तर नव्हते. ज्याच्याकडे मागायची तोच अनेकदा झापणारा असे.

टोरवाल्ड्सचा रोखठोकपणा सुरुवातीपासूनचा. जानेवारी १९९२ मध्ये प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी लिनक्सची रचना कालबाह्य आहे असे जाहीरपणे लिहिले, तेव्हा या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने त्यांना तितक्याच जाहीरपणे फटकारले आणि दुसऱ्या दिवशी सूर चढल्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. पुढे प्रकल्प वाढला, दिलगिरी कमी झाली. डिसेंबर २०१२ मधली एक ईमेल या काळाचा नमुना म्हणून नेहमी सांगितली जाते. व्हिडिओ उपकरणांचा विभाग सांभाळणाऱ्या मेंटेनरने एका ठिकाणी चुकीचा एरर कोड परत पाठवला होता: ज्याचा अर्थ ‘अशी फाइल नाही’ असा होतो, तो जिथे फाइलचा संबंधच नाही अशा ठिकाणी. त्याने वापरकर्त्यांचे काही प्रोग्रॅम बिघडले आणि मेंटेनरने दोष त्या प्रोग्रॅमवर ढकलला. टोरवाल्ड्सच्या उत्तराची सुरुवात त्याचे नाव घेऊन, मोठ्या अक्षरांत, शिवीसकट ‘तोंड बंद ठेव’ अशी होती. कर्नलमधल्या बदलाने वापरकर्त्याचा चालू प्रोग्रॅम कधीही मोडता कामा नये, हा त्यातला मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. कर्नल इतकी वर्षे भरवशाचे राहिले त्यामागे हाच हट्ट आहे. अडचण अशी की मुद्दा आणि शिवी एकाच वाक्यात आल्यामुळे पुष्कळांना शिवी हाच भरवशाचा पाया वाटू लागला.

आपल्याकडे घराघरांत एखादे वडीलधारे असे असतात: तोंडाने फटकळ, मनाने निर्मळ. घरातले सवयीने ते धकवून नेतात. नव्या सुनेला मात्र निर्मळ मन दिसायच्या आधी तोंड ऐकू येते. ओपन सोर्सच्या, म्हणजे अशा खुल्या कोडच्या, जगात ही नवी सून कोण, याचा शोध या शतकाच्या आरंभी सुरू झाला होता. २००२ मध्ये व्हॅल हेन्सन या कर्नल विकासकाने (पुढे त्या व्हॅलेरी ऑरोरा या नावाने ओळखल्या गेल्या) लिनक्सकडे स्त्रिया का फिरकत नाहीत आणि त्यांना कसे येऊ द्यावे, यावर मार्गदर्शिका लिहिली. २००६ मध्ये युरोपीय महासंघाच्या निधीतून झालेल्या फ्लॉसपोल्स या अभ्यासाने आकडा दिला: ओपन सोर्समध्ये काम करणाऱ्यांत स्त्रिया सुमारे १.५ टक्के, तर बंदिस्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांत सुमारे २८ टक्के. दार सर्वांना उघडे आहे असे म्हणणाऱ्या घरात, दाराला पहारेकरी ठेवणाऱ्या घरापेक्षा कमी बायका याव्यात, ही गोष्ट ‘त्यांना आवडच नसते’ एवढ्यावर उडवून देणे अवघड होते.

काही प्रकल्पांनी आधीच लेखी नियम केले होते. २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांनी उबुंटू सुरू केले ते आचारसंहितेसकट, आणि तिथे सभासद होणाऱ्याला तिच्यावर डिजिटल सही करावी लागे. ग्नोमने २००६ मध्ये, केडीईने २००८ मध्ये आपापला मसुदा केला. ही सगळी सौजन्याची आवाहने होती: समजून घ्या, मदत मागा, भांडण टोकाला नेऊ नका. मोडल्यास काय, हे त्यांत बहुतेक नव्हते, आणि म्हणूनच त्यांच्यावर फार कोणी भांडलेही नाही.

सूर बदलला तो परिषदांमधून. २०११ मध्ये ऑरोरा आणि मेरी गार्डिनर यांनी एडा इनिशिएटिव्ह ही संस्था काढली आणि परिषदांनी छळविरोधी धोरण लिहावे, त्यात काय चालणार नाही ते नावानिशी सांगावे, तक्रार कोणाकडे करायची आणि पुढे काय होईल तेही सांगावे, असा आग्रह धरला. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनने असे धोरण नसलेल्या परिषदांना पैसे देणार नाही असे ठरवले. मार्च २०१३ मध्ये पायथनच्याच वार्षिक परिषदेत या धोरणाची कसोटी लागली. मागच्या रांगेत बसलेल्या दोघांचा अचकट विनोद ऐकून एका उपस्थित स्त्रीने त्यांचे छायाचित्र ट्विटरवर टाकले. आयोजकांनी दोघांना बाजूला घेऊन बोलून प्रकरण मिटवले होते, पण ते बाहेर इतके पेटले की त्या दोघांपैकी एकाची नोकरी गेली आणि काही दिवसांत त्या स्त्रीचीही. संहितेच्या बाजूच्यांनी आणि विरोधकांनी, दोघांनीही ही घटना आपलाच पुरावा म्हणून वापरली. वास्तविक संहितेने सांगितलेली रीत तिथे नीट चालली होती. नुकसान झाले ते तिच्या बाहेर.

कर्नलच्या मेलिंग लिस्टवर वादाला तोंड फुटले जुलै २०१३ मध्ये. स्थिर आवृत्त्या सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन फार मवाळ आहेत, त्यांनी लोकांवर ओरडायला शिकावे, अशी थट्टा टोरवाल्ड्स करत होते. इंटेलमध्ये काम करणाऱ्या आणि यूएसबी ३.० चा भाग सांभाळणाऱ्या सेज शार्प यांनी मध्येच लिहिले की हे थट्टेवारी नेण्यासारखे नाही. शिवीगाळ आणि दमदाटी बंद झाली पाहिजे. टोरवाल्ड्सचे उत्तर लांबलचक होते. त्याचा आशय असा: मी घरी बाथरोब घालून काम करतो, टाय बांधू लागणार नाही, तसाच खोटा शिष्टाचार, कार्यालयीन राजकारण आणि पाठीत सुरे खुपसणेही माझ्याकडून होणार नाही, कारण ‘व्यावसायिक वागणूक’ म्हणतात तिची फळे हीच असतात.

हे उत्तर उथळ नव्हते. गोड बोलून पॅच वर्षभर लटकवून ठेवणारा मेंटेनर कर्नललाही ठाऊक होता, आणि ‘हा कोड वाईट आहे’ असे पहिल्याच दिवशी ऐकणे अनेकांना परवडत असे. पण त्यात एक चलाखी होती. शिवी किंवा ढोंग, असे दोनच पर्याय समोर ठेवले होते. कोड वाईट आहे हे माणसाला वाईट न म्हणता सांगता येते, हा तिसरा पर्याय त्याच मेलिंग लिस्टवर कितीतरी मेंटेनर रोज वापरत होते.

मार्च २०१५ मध्ये कर्नलच्या दस्तऐवजात एक छोटा मजकूर दाखल झाला. नाव होते ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’, म्हणजे संघर्षसंहिता. ‘कंडक्ट’ हा शब्द मुद्दाम टाळलेला. क्रोआ-हार्टमन यांनी पाठवलेल्या या पॅचला सुमारे साठ विकासकांनी नावानिशी संमती दिली होती. तुमच्या कोडवर टीका होईल, ती कर्नलच्या भल्यासाठी असते, असे आधी सांगून, कोणाला व्यक्तिगत अपमान किंवा धमकी जाणवल्यास ते मान्य नाही, लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाला कळवावे, एवढे त्यात होते. शेवटी १९८९ च्या एका विनोदी चित्रपटातला, एकमेकांशी छान वागा अशा अर्थाचा संवाद होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शार्प यांनी कर्नलचे काम आपण का सोडले ते जाहीरपणे लिहिले: तांत्रिक बाबतीत आदर मिळतो, माणूस म्हणून मिळत नाही.

दरम्यान बाहेर दुसराच मसुदा पसरत होता. शिकागोच्या कोरलाइन एडा एमके यांनी २०१४ मध्ये ‘काँट्रिब्यूटर कव्हेनंट’ लिहिला. कोणत्याही प्रकल्पाने उचलून आपल्या कोडशेजारी ठेवावा असा तयार कागद, एक पानभर. काही वर्षांत रेल्स, स्विफ्ट, कुबरनेटिस अशा मोठ्या प्रकल्पांनी तो किंवा त्यावर बेतलेला मसुदा घेतला. २०१५ मध्ये ओपल या प्रकल्पातल्या एका विकासकाने ट्विटरवर पारलिंगी व्यक्तींबद्दल लिहिलेल्या मजकुरावरून एमके यांनी त्याला प्रकल्पातून काढण्याची मागणी केली. तो मजकूर प्रकल्पाच्या जागेत लिहिलेला नव्हता. इथून खऱ्या वादाची रेषा स्पष्ट झाली. सभ्यतेला विरोध जवळजवळ कोणाचाच नव्हता. वाद होता तो अधिकाराच्या हद्दीचा: माणूस प्रकल्पाबाहेर काय बोलतो ते पाहायचे का, पाहायचे तर कोणी, आणि शिक्षा ठरवणाऱ्याला कोण विचारणार.

विरोधकांचा दुसरा आक्षेप गुणवत्तेचा होता. पॅचला जात नसते, लिंग नसते, चालतो की चालत नाही एवढेच असते. संहिता आली की कोडऐवजी कोडकर्त्याचा न्याय होईल. यावर एमके आणि त्यांच्या बाजूच्यांचे म्हणणे असे की गुणवत्ता मोजणारे हात कोणाचे हे विसरू नका. ज्याला पहिल्याच ईमेलला हाकलले त्याची गुणवत्ता मोजणार कशी? दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे. पण पहिला युक्तिवाद करणारे बहुधा असे लोक होते ज्यांना मेलिंग लिस्टचे अलिखित नियम वीस वर्षांत तोंडपाठ झाले होते. नियम नसतात असे कुठेच नसते. न लिहिलेले नियम जुन्यांना पाठ असतात आणि नव्यांना ठेच लागल्यावर कळतात.

प्रत्येक प्रकल्पाने हे आपल्या स्वभावाप्रमाणे सोडवले. जानेवारी २०१६ मध्ये रुबी या भाषेच्या प्रकल्पापुढे कव्हेनंटचा प्रस्ताव आला. रुबीचे जनक युकिहिरो मात्सुमोतो यांनी लांब चर्चेनंतर तो न घेता चार ओळींची मार्गदर्शिका स्वीकारली. पीएचपीमध्ये त्याच सुमारास आलेला प्रस्ताव मांडणाऱ्यानेच मागे घेतला. डेबियनने त्याआधी, एप्रिल २०१४ मध्ये, आपल्या रिवाजाप्रमाणे सभासदांचे रीतसर मतदान घेऊन संहिता केली होती आणि तिथे फारसा धुरळा उडाला नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्रीबीएसडीने सविस्तर यादी असलेला नवा मसुदा आणला. त्यात परवानगीशिवाय मजकुरातून ‘मिठी’ मारण्यालाही मनाई होती आणि टीकाकारांनी ती एकच ओळ उचलून सगळ्या मसुद्याची टर उडवली. दोन वर्षांनी विकासकांचे मत घेऊन फ्रीबीएसडीने तो बदलला.

कर्नलची पाळी सप्टेंबर २०१८ मध्ये आली, आणि तिची सुरुवात तारखांच्या घोळातून झाली. मेंटेनरांची वार्षिक बैठक व्हँकूव्हरला ठरली होती. टोरवाल्ड्सनी नेमक्या त्याच दिवसांत कुटुंबासोबत स्कॉटलंडची सहल ठरवून ठेवली होती. या वर्षी माझ्याशिवाय बैठक घ्या, असे त्यांनी सुचवले; लोकांनी त्याऐवजी बैठकच एडिनबरोला हलवली. बैठक टळेल या विचाराने आपण सुखावलो होतो, हे जाणवल्यावर, आणि सहकाऱ्यांनी वागणुकीबद्दल समोरासमोर बोलल्यावर, टोरवाल्ड्सनी १६ सप्टेंबरला ४.१९ आवृत्तीच्या चौथ्या चाचणी-मसुद्याबरोबर वेगळेच निवेदन केले. माझ्या ईमेल उद्धट आणि अनाठायी होत्या, त्यांनी माणसे दुखावली आणि काही कदाचित कर्नल सोडून गेली, मी त्यांची माफी मागतो. मी काही काळ थांबणार आहे आणि लोकांच्या भावना कशा समजून घ्याव्यात यासाठी मदत घेणार आहे, असा त्याचा सारांश. आवृत्ती पुरी करण्याचे काम क्रोआ-हार्टमन यांच्याकडे गेले. तीन दिवसांनी ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात टोरवाल्ड्सच्या ईमेलांवर लेख आला. त्या लेखाचे प्रश्न त्यांच्याकडे आधीच पोहोचले होते. माफी आधी सुचली की प्रश्न आधी आले, यावर पुढे बरीच कुजबुज झाली.

माफीच्याच दिवशी, १६ सप्टेंबरला, संघर्षसंहिता काढून तिच्या जागी काँट्रिब्यूटर कव्हेनंटची १.४ ही आवृत्ती कर्नलमध्ये दाखल झाली. तीन वर्षांपूर्वीच्या मजकुरावर साठेक नावे होती; या वेळी मोजकीच, आणि मेलिंग लिस्टवर आधी चर्चा झालेली नव्हती. जो प्रकल्प एका स्वल्पविरामाचा पॅचही चारचौघांत तपासतो, त्याने आपल्या घटनेतला सर्वांत मोठा बदल असा गुपचूप करावा, ही तक्रार रास्त होती. मसुदा दुसरीकडून जसाच्या तसा उचलल्याच्या खुणाही होत्या. दुसऱ्याचा ईमेल पत्ता परवानगीशिवाय प्रसिद्ध करू नये, असे त्यात होते. कर्नलच्या प्रत्येक पॅचवर लेखकाचा ईमेल पत्ता छापलेला असतो. संहिता न पाळणाऱ्या आणि न राबवणाऱ्या मेंटेनरवर कारवाई होईल, असेही होते. आपण आता पोलिसाचे काम करायचे का, असे मेंटेनर विचारू लागले.

यापुढे जाऊन काहींनी धमकीच दिली: संहितेखाली कोणाला काढले तर त्याने आपल्या कोडचा परवाना परत घ्यावा, म्हणजे कर्नलच कोसळेल. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीने स्पष्ट केले की जीपीएल या कर्नलच्या परवान्याच्या अटींनुसार एकदा दिलेला परवाना असा मागे घेता येत नाही. कोणी घेतलाही नाही. आचारसंहिता म्हटले की मराठी माणसाला निवडणूक आठवते आणि ती लागू झाली की कामे थांबतात अशी त्याची समजूत असते. कर्नलचे काम मात्र एक दिवसही थांबले नाही.

ऑक्टोबरमध्ये संहितेला अन्वयार्थाचा दस्तऐवज जोडला गेला आणि मूळ चुकीची बरीच भरपाई तिथे झाली. मेंटेनरने तांत्रिक कारणाने पॅच नाकारणे म्हणजे गैरवर्तन नव्हे, आणि गस्त घालणे हे त्याचे काम नव्हे, असे त्यात स्वच्छ लिहिले. तक्रारी पाहण्यासाठी वेगळी समिती आणि मध्यस्थ म्हणून दिल्लीतल्या एसएफएलसी डॉट इन या संस्थेच्या संस्थापक, वकील मिशी चौधरी यांचे नाव आले. २२ ऑक्टोबरला ४.१९ आवृत्ती बाहेर पडली. एडिनबरोची बैठक त्याच दिवशी झाली आणि टोरवाल्ड्स कामावर परतले. योगायोगाने त्याच दिवशी ग्नू प्रकल्पाचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्या प्रकल्पासाठी सौम्य संवादाची मार्गदर्शिका जाहीर केली. तीत शिक्षा नव्हती, कारण शिक्षेची भाषाच त्यांना नको होती. त्याच सुमारास एसक्यूलाइट या डेटाबेसच्या प्रकल्पाने संत बेनेडिक्ट यांचा सहाव्या शतकातला मठनियम आपली संहिता म्हणून लावल्याचे लोकांच्या लक्षात आले. लोकांचे हसून झाल्यावर एसक्यूलाइटने त्याला ‘नीतिसंहिता’ म्हटले आणि संहितेच्या जागी मोझिलाची मार्गदर्शिका आणली.

नोव्हेंबर संपताना एका विकासकाने पंधरा पॅच पाठवले. कर्नलच्या जुन्या टिप्पण्यांत वैतागून लिहिलेली एक इंग्रजी शिवी होती. ती जिथे जिथे आली तिथे त्याने ‘मिठी’ या अर्थाचा शब्द घातला होता. वाक्ये अशी झाली की अमुक चिपला मिठी मारलेली आहे, तमुक रचना मिठीखाऊ आहे. फ्रीबीएसडीच्या मिठीची आठवण कोणाला झाली नसेल तर नवल. जुने मेंटेनर हसले, काही चिडले, आणि अन्वयार्थाकडे बोट दाखवले गेले: संहिता जुन्या टिप्पण्या साफ करायला नाही. शिव्या जिथल्या तिथे राहिल्या.

लेखी नियम झाले तरी ते राबवणाऱ्यांना कोण जबाबदार धरणार, हा प्रश्न सुटला असे नाही. रस्ट या भाषेच्या प्रकल्पाला जन्मापासून संहिता होती. तरी नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या नियमन-चमूने एकगठ्ठा राजीनामा दिला: मुख्य चमूवर आपले नियम आपण लावू शकत नाही, असे कारण देऊन.

कर्नलमध्ये ही कसोटी २०२४ मध्ये लागली. बीकॅशएफएस या फाइल सिस्टिमचे लेखक केंट ओव्हरस्ट्रीट यांनी मेमरी वाटपावरच्या तांत्रिक वादात एका सहकाऱ्याला शिवीसकट डोके तपासून घ्यायला सांगितले. संहिता समितीने जाहीर माफी मागायला सांगितली. ती झाली नाही, आणि ओव्हरस्ट्रीट यांनी आपली बाजू सार्वजनिकपणे मांडली. नोव्हेंबरमध्ये, सल्लागार मंडळाच्या संमतीने, समितीने मेलिंग लिस्टवर निर्णय लावला: ६.१३ या आवृत्तीच्या काळात त्यांचे पॅच घेतले जाणार नाहीत. शिक्षा एका आवृत्तीपुरती, म्हणजे नऊ-दहा आठवड्यांची होती. ६.१३ आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये बाहेर पडली, त्यानंतर ६.१४ साठी ओव्हरस्ट्रीट यांनी पाठवलेले काम टोरवाल्ड्सनी नेहमीप्रमाणे घेतले.